मांचूंचा चीन वाचायचा कसा

दर रविवारी सकाळी माझ्या घरी सात-आठ मुलं इतिहास वाचायला येतात. कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतंय, कुणी एम.ए. करतंय. एक जण आठवडाभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि निव्वळ आवड म्हणून येतो. चीनचं प्रकरण निघालं की मी स्वयंपाकघरातून परात आणते. तिच्यात मालदांडी ज्वारीचे शंभर दाणे मोजून टाकायला लावते आणि वर दोन शेंगदाणे ठेवते. ज्वारी म्हणजे हान, चीनमधला बहुसंख्य समाज. शेंगदाणे म्हणजे मांचू, ईशान्येकडून येऊन राज्य करणारे. प्रमाण साधारण असंच होतं, शंभरात एक-दोन.

मग विचारते, हे दोन दाणे १६४४ ते १९१२ अशी २६८ वर्षं त्या ज्वारीवर राज्य कसं करू शकले? तेवढा काळ ते वेगळे ओळखू कसे आले?

छिंग राजवटीचा, म्हणजे मांचूंच्या घराण्याचा, इतिहास वाचायचा तर हाच प्रश्न हाताशी ठेवून वाचा. बादशहांची यादी पाठ करून काही हाती लागत नाही. तीस वर्षं शाळेत शिकवून मी हे सांगते आहे. सुरुवातीची कितीतरी वर्षं मीही यादीच पाठ करून घेत होते.

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे लिहा ‘वेगळं राहणं’, उजवीकडे ‘जवळ जाणं’. पुढे जी जी घटना वाचाल तिला विचारा: यामुळे मांचू हान लोकांपासून वेगळे राहिले की त्यांच्या जवळ गेले? उत्तर मिळेल त्या रकान्यात नोंद करा. काही घटना दोन्हीकडे लिहाव्या लागतील. त्यांच्याभोवती गोल करून ठेवा, कारण खरा अभ्यास त्याच घटनांचा आहे.

नावांचं आधीच ठरवून टाका. एकाच घराण्याला मराठीत चिंग, छिंग, त्सिंग असं काहीही लिहिलेलं सापडतं. वहीच्या पहिल्या पानावर नावांची एकच पद्धत लिहून ठेवा आणि ती सोडू नका. माझ्या वर्गातल्या एका मुलीने वेगवेगळ्या स्पेलिंगांमुळे एकाच बादशहाचे तीन बादशहा केले होते आणि महिनाभर ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

१६४४ पासून सुरुवात करू नका

बहुतेक नोट्स १६४४ ला उघडतात. मग असं वाटतं की उत्तरेकडून कुणीतरी टोळी आली आणि तिने पेकिंग (आजचं बीजिंग) घेतलं. निदान पन्नास वर्षं मागे जा.

मांचूंचे पूर्वज म्हणजे जुर्चेन. राहायला चीनच्या भिंतीपलीकडे, ईशान्येला. शिकार करायचे, शेती करायचे, जिनसेंगच्या मुळ्या, मोती आणि कातडी विकायचे. त्यांची भाषा चिनीपासून पार वेगळ्या कुळातली. माझ्या माहेरी तेलुगू बोलत आणि दाराबाहेर मराठी, म्हणून दोन कुळांतल्या भाषांमधलं अंतर म्हणजे काय हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या कुठल्याही मुलाला ते कळतं.

नुरहाची नावाच्या सरदाराने या विखुरलेल्या टोळ्या एकत्र केल्या. १५९९ मध्ये त्याने मंगोल लिपीवरून आपल्या भाषेसाठी लिपी करवून घेतली. १६१५ पर्यंत सगळी माणसं आठ निशाणांखाली बसवली आणि १६१६ मध्ये स्वतःचं राज्य जाहीर केलं. त्याचा मुलगा होंग ताइजी याने १६३५ मध्ये ‘जुर्चेन’ हे नाव बंद करून ‘मांचू’ हे नाव लावलं. पुढच्या वर्षी राज्याचं नाव ‘छिंग’ झालं. म्हणजे लिपी, फौज, लोकांचं नाव, राज्याचं नाव हे सगळं पेकिंग हाती येण्याआधीच तयार होतं. मागावर ताणा आधी चढलेला होता, धोटा पुढे फिरला.

आता १६४४. इथे एक गोष्ट अधोरेखित करा: मांचूंनी पेकिंग आधीच्या मिंग घराण्याकडून घेतलं नाही. मिंग राजवट दुष्काळाने, रिकाम्या खजिन्याने आणि आतल्या बंडांनी आधीच खिळखिळी झाली होती. ली झिछेंग या बंडखोराने एप्रिलमध्ये राजधानी घेतली आणि शेवटच्या मिंग बादशहाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास लावून घेतला. शानहाय खिंडीवरचा मिंग सेनापती वू सानग्वेई एकीकडे ली, दुसरीकडे मांचू अशा कात्रीत सापडला. त्याने मांचूंना वाट दिली. त्यांच्या गादीवर तेव्हा सहा वर्षांचा पोर होता, कारभार चुलता दोर्गोन पाहायचा. राजधानीत शिरल्यावर दोर्गोनने मेलेल्या मिंग बादशहासाठी सुतक जाहीर केलं आणि आपण त्याचा सूड घ्यायला आलो आहोत असं सांगितलं. उजव्या रकान्यातली ही पहिली मोठी नोंद.

त्या वर्षी आपल्याकडे शिवाजी महाराज चौदा वर्षांचे होते. अशी एक-एक देशी तारीख शेजारी लिहीत गेलात तर काळ डोक्यात पक्का बसतो.

केसांपाशी थांबा

एका क्लासच्या छापील नोट्समध्ये मी स्वतः वाचलं आहे: ‘वेणी ही चिनी पुरुषांची प्राचीन परंपरा होती.’ हे साफ चूक आहे, आणि ते वाचून मुलं परीक्षेला गेली याचा मला आजही राग येतो.

हान पुरुष केस कापत नसत. लांब केस डोक्यावर बांधायचे. शरीर, केस, कातडी आईबापांकडून मिळालेली, त्यांना इजा करायची नाही, ही कन्फ्युशियसच्या परंपरेतली शिकवण. कपाळाच्या वरचं डोकं तासायचं आणि मागे वेणी ठेवायची ही रीत मांचूंची. १६४५ च्या उन्हाळ्यात हुकूम निघाला: दहा दिवसांत सगळ्या पुरुषांनी मांचूंसारखं डोकं करायचं. लोकांच्या तोंडी त्याचं जे रूप राहिलं ते असं: डोकं ठेवायचं तर केस ठेवू नका, केस ठेवायचे तर डोकं राहणार नाही.

च्यांगयिन नावाचं गाव आधी मुकाट्याने शरण आलं होतं. कर द्यायला तयार, नवा अंमलदार मान्य. केसांचा हुकूम आला आणि गाव उठलं. ऐंशीहून जास्त दिवस लढलं आणि पडल्यावर कापलं गेलं. इथे एक गल्लत हमखास होते. याङचौची भयंकर कत्तल त्याच वर्षीची असली तरी ती मे महिन्यातली, हुकुमाच्या आधीची. तिचं कारण केस नव्हेत. दोन्ही एका ओळीत लिहू नका.

राज्य बदललं ते माणसं सोसतात. डोक्यावर काय ठेवायचं हे कुणी ठरवायला लागलं की सोसत नाहीत. माझे आजोबा सांगायचे, १९३० च्या मार्शल लॉच्या दिवसांत सोलापुरात गांधी टोपी घालून घराबाहेर पडायची सोय नव्हती. त्यांनी ती टोपी पेटीत तळाशी घडी करून ठेवली होती, पण टाकली नाही. च्यांगयिनचं प्रकरण शिकवताना मला ती पेटी आठवते.

मग हा हुकूम कोणत्या रकान्यात? हान माणूस मांचूसारखा दिसू लागला म्हणजे अंतर कमी झालं. पण रोज सकाळी आरशात आपण हरलेले आहोत हेही दिसू लागलं. दोन्हीकडे लिहा, गोल करा. शिवाय समासात केसांची एक खूण करून ठेवा. १८५० नंतर छिंगविरुद्ध उठलेले तायपिंग बंडखोर वेणी सोडून केस वाढवतील तेव्हा ती खूण परत येईल. १९११ मध्ये तरुण भर रस्त्यात वेण्या कापतील तेव्हा पुन्हा एकदा.

निशाणं म्हणजे नुसते झेंडे नव्हेत

पिवळं, पांढरं, लाल, निळं. चार साधी, चार किनारीची, मिळून आठ. कागदावर ती रंगवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येक निशाणाखाली लहान तुकड्या. तुकडीला ‘निरू’ म्हणत, म्हणजे बाण. कागदोपत्री तीनशे माणसांची. निशाण म्हणजे एकाच वेळी पलटण, जात, रेशनकार्ड आणि विवाहनोंदणी. जन्म निशाणात, लग्न निशाणाच्या परवानगीने, पगार आणि धान्य निशाणाकडून.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. निशाणवाला म्हणजे मांचूच असं नव्हतं. १६३५ मध्ये मंगोलांची आठ निशाणं उभी राहिली, १६४२ पर्यंत हान सैनिकांचीही आठ झाली. एकूण चोवीस. म्हणजे पेकिंग घेणाऱ्या फौजेत हान माणसं भरपूर होती. ‘मांचू विरुद्ध चिनी’ असं सरळ चित्र काढाल तर हे लोक कुठे बसवणार?

राज्य आल्यावर पेकिंगच्या आतल्या शहरातून हान लोकांना हलवून ती जागा निशाणवाल्यांना दिली. शीआन, हांगचौ, क्वांगचौ, छंगतू अशा शहरांत त्यांच्या वेगळ्या छावण्या किंवा तटबंद वस्त्या झाल्या. त्यांनी व्यापार करायचा नाही, हान घरात मुलगी द्यायची नाही, बायकांनी हान बायकांसारखे पाय बांधायचे नाहीत. डावा रकाना भरून वाहतो.

पण वेगळं राहण्याची किंमत पडते. पगार ठरलेला आणि खाणारी तोंडं पिढ्यान्पिढ्या वाढत गेली. दुसरं काम करायची मुभा नाही, हळूहळू यायचंही बंद झालं. एकोणिसाव्या शतकापर्यंत कित्येक निशाणवाले कर्जात बुडाले, हत्यारं गहाण टाकू लागले. गिरणी बंद पडल्यावर एकच यंत्र येणारा माणूस ओट्यावर कसा बसून राहतो ते मी आमच्या गल्लीत पाहिलं आहे. राज्यकर्त्या जातीतला गरीब माणूस समजून घ्यायला मला पुस्तकापेक्षा त्या ओट्याचा जास्त उपयोग झाला.

कांगशी, माचणूर आणि एक खेडवळ मास्तर

कांगशी बादशहा १६६१ मध्ये सातव्या वर्षी गादीवर आला आणि ६१ वर्षं राहिला. त्याच्यावर वेळ द्या. दक्षिणेतल्या तीन हान सरदारांचं बंड १६७३ ते १६८१ चाललं. त्यांचा म्होरक्या तोच वू सानग्वेई, ज्याने खिंड उघडली होती. ते बंड मोडायला हान सेनापती आणि हान फौजाच कामी आल्या. ते चालू असतानाच, १६७९ मध्ये, कांगशीने एक खास परीक्षा ठेवली आणि नव्या राज्याची नोकरी नाकारून बसलेल्या विद्वानांना सन्मानाने बोलावलं. निवडलेल्यांना काम दिलं ते मिंग घराण्याचा इतिहास लिहिण्याचं. ज्यांचं राज्य गेलं त्यांनाच त्या राज्याचा इतिहास लिहायला बसवलं! यापेक्षा शहाणी चाल मला त्या शतकात दुसरी दिसत नाही.

कारभारातही हीच जोडणी. राजधानीतल्या सहा खात्यांना दोन-दोन प्रमुख, एक मांचू, एक हान. सरकारी नोकरीच्या जुन्या परीक्षा चालू, कन्फ्युशियसची पूजा चालू.

इथे मी मुलांना माचणूरला नेते. सोलापूरहून मंगळवेढ्याच्या वाटेवर भीमेकाठी किल्ला आहे, शेजारी सिद्धेश्वराचं देऊळ. ब्रह्मपुरीच्या या परिसरात १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. १६९९ साली ऐंशी ओलांडलेला औरंगजेब इथून मराठ्यांचे गड घ्यायला निघाला. त्याच वर्षी कांगशी दक्षिणेच्या दौऱ्यावर नानचिंगला गेला, मिंग घराण्याच्या मूळ पुरुषाच्या समाधीपुढे नमला आणि स्वतःच्या हाताने चार अक्षरं लिहून दिली. अर्थ असा की याचा कारभार थांग आणि सोंग घराण्यांहूनही थोर होता. घाटावर बसून या दोन नोंदी शेजारी-शेजारी वाचा. मात्र त्यावरून लगेच एकाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट ठरवू नका. नमस्कार करणाऱ्या कांगशीनेच आठ वर्षं रक्त सांडून बंड मोडलं होतं.

त्याचा मुलगा योंगझेंग. त्याच्या काळातलं एकच प्रकरण नीट वाचलंत तरी पुष्कळ. १७२८ मध्ये झेंग चिंग नावाच्या खेडवळ मास्तराने एका सेनापतीला बंड करायला चिथावलं. म्हणणं असं की ‘हुआ’ म्हणजे सुसंस्कृत चिनी, ‘यी’ म्हणजे बाहेरचे रानटी, आणि ‘यी’ला राज्य करायचा हक्क नाही. हे दोन शब्द वहीत ठळक लिहा. बादशहाने त्याचं डोकं उडवलं नाही. त्याने उत्तरादाखल पुस्तकच छापलं: तुमचे पुराणातले आदर्श राजे शुन आणि वेन हेही मुळात ‘यी’च होते, राज्य सद्गुणावर मिळतं, जन्मभूमीवर नाही. मास्तराला सोडून दिलं आणि ते पुस्तक गावोगाव वाचायला लावलं. १७३५ मध्ये मुलगा छ्येनलोंग गादीवर आला. त्याने मास्तराला ठार केलं आणि बापाचं पुस्तक परत गोळा करवलं. ज्या वादाला उत्तर द्यावं लागतं, तो वाद जिवंत आहे असंच लोकांना कळतं, हे बहुधा त्याने ओळखलं.

छ्येनलोंगने देशभरातले ग्रंथ जमवून ३६ हजारांहून जास्त खंडांचा संग्रह नकलून घेतला. त्याच मोहिमेत मांचूंविरुद्ध लिहिलेली पुस्तकं शोधून जाळली. हाही गोलातला विषय.

छिंग म्हणजे फक्त चीन नव्हे

भिंतीवर नकाशा लावा. १७५९ पर्यंत छ्येनलोंगने शिनच्यांग घेतलं. मंगोलिया आणि तिबेट आधीच अंमलाखाली आले होते. हान लोकांपुढे तो कन्फ्युशियसचा बादशहा, मंगोलांपुढे खान, तिबेटी लामांपुढे बौद्ध धर्माचा राखणदार. छंगदच्या उन्हाळी राजधानीत त्याने ल्हासाच्या पोताला राजवाड्याच्या धर्तीवर मंदिर बांधवलं. मांचू, तिबेटी, मंगोल, तुर्की आणि चिनी अशा पाच भाषांचा कोश त्याच्याच काळात झाला.

यावर इतिहासकारांचा वाद आहे आणि तो माहीत हवाच. एक मत असं की मांचू टिकले ते चिनी संस्कृती स्वीकारली म्हणून. १९९६ मध्ये एव्हलिन रॉस्की यांनी त्याला आव्हान दिलं: टिकले ते वेगळे राहिले आणि मध्य आशियाशी नातं राखलं म्हणून. १९९८ मध्ये हो पिंग-ती यांनी जुन्या मताची जोरदार बाजू मांडली. तुमचे दोन रकाने म्हणजे हाच वाद. माझं मत विचाराल तर लष्करात आणि सरहद्दीवर रॉस्की बरोबर, घरात आणि जिभेवर हो बरोबर.

जिभेवर म्हणते, कारण भाषा गेली. बादशहा चिडायचे, मांचू अधिकाऱ्यांना मांचू येत नाही म्हणून फैलावर घ्यायचे. तरी शहरांतल्या निशाणवाल्यांची मुलं चिनीच बोलू लागली. कुणी बंदी घातली नव्हती. माझ्या सासूबाईंना नातवंडं ‘नानम्मा’ म्हणत. मला माझा नातू ‘आजी’ म्हणतो. मी तेलुगूत काही बोलले तर त्याला कळतं, पण उत्तर मराठीत देतो. मांचू भाषेची जवळची बहीण टिकली ती दूर शिनच्यांगमधल्या इली खोऱ्यात, १७६४ मध्ये सरहद्द राखायला पाठवलेल्या शीबो शिपायांच्या वंशजांत. राजधानीतली भाषा गेली, छावणीतली राहिली.

शेवटचं शतक

अफूची युद्धं आणि तहांच्या तारखा कुठल्याही गाइडमध्ये नीट सापडतात, त्यावर फार वेळ घालवू नका. एवढं मात्र लिहा की त्या अफूचा मोठा भाग माळव्यातून मुंबई बंदरामार्गे गेला, आणि १९०० मध्ये पेकिंगचा वेढा उठवायला गेलेल्या फौजेत हिंदी शिपाई होते.

वेळ द्या तो तायपिंग बंडाला, १८५० ते १८६४. दोन कोटींहून जास्त माणसं दगावली असं मानतात. १८५३ मध्ये नानचिंगच्या मांचू वस्तीतली बायकापोरंही मारली गेली. निशाणांच्या फौजा कामास आल्या नाहीत. राज्य वाचवलं ते झेंग क्वोफानसारख्या हान अधिकाऱ्यांनी प्रांतांत उभ्या केलेल्या सैन्यांनी. दरबार मांचूंचा राहिला, बंदूक हान हातात गेली. पुढे दरबार चालवणाऱ्या त्सिशी राणीची कारकीर्द या एका वाक्याच्या उजेडात वाचा, तिला नुसती खलनायिका करू नका.

१९०५ मध्ये परीक्षा बंद झाल्या आणि हान विद्वानाला दरबाराशी बांधणारा धागा तुटला. १९११ च्या मे महिन्यात पहिलं मंत्रिमंडळ झालं, त्यात बहुसंख्य मंत्री मांचू. उजवा रकाना रिकामा पडत चालला होता तेव्हाच डावा पुन्हा भरला. १० ऑक्टोबर १९११ ला वूछांगला सैन्य उठलं. शीआनच्या मांचू वस्तीत मोठी कत्तल झाली. क्रांतीच्या आनंदात ही नोंद गाळू नका. १२ फेब्रुवारी १९१२ ला सहा वर्षांच्या पुयी बादशहाच्या नावाने गादी सोडल्याचं फर्मान निघालं.

शेवटच्या पानासाठी भैय्या चौकात, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात जा. त्यांचा जन्म सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० चा. तेव्हा पेकिंगच्या गादीवर चार वर्षांचा पुयी होता. वूछांगचा उठाव झाला तो कोटणीसांच्या पहिल्या वाढदिवशी. दोघांची आयुष्यं शेजारी-शेजारी लिहा. १९३२ मध्ये जपानने मांचूंच्या जुन्या भूमीत मांचुकुओ नावाचं बाहुलं राज्य उभारून पुयीला तिथे बसवलं. १९३८ मध्ये कोटणीस त्याच जपानशी लढणाऱ्या चिनी जखमींवर उपचार करायला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. त्याच वर्षी त्यांना आणि त्यांच्या चिनी पत्नी क्वो छिंगलान यांना मुलगा झाला होता. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत. ‘हुआ’ म्हणजे काय, ते झेंग चिंगच्या पानावर तुम्ही ठळक लिहून ठेवलं आहे. ते पान उघडा आणि या नावाशेजारी त्याचा क्रमांक टाका.